घेण्यापासून देण्यापर्यंत: ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

इंटरनेटवर एखादा कोड सगळ्यांना दिसतो, म्हणून तो सगळ्यांना वापरता येतो असं नाही. लिहिणाऱ्याने सोबत परवाना ठेवला नसेल, तर कायद्याने तो अजून त्याचा एकट्याचाच आहे. बर्न करार मानणाऱ्या देशांत, म्हणजे जवळपास सगळ्या जगात, काही लिहिलं की कॉपीराइट आपोआप लागू होतो. नोंदणी लागत नाही, गोलातला 'सी' लागत नाही. लेख, फोटो, नकाशा, प्रोग्रॅम, सगळ्यांना हाच नियम. तेव्हा एखादी गोष्ट खुली करायची, तर कुणीतरी तसं मुद्दाम लिहून द्यावं लागतं.

या लिहून देण्याला किती वजन असतं ते १९९३ साली दिसलं. मिनेसोटा विद्यापीठाने त्या वर्षी आपल्या गोफर या प्रणालीच्या सर्व्हरसाठी काही वापरकर्त्यांकडून शुल्क घ्यायचं ठरवलं. इंटरनेटवरची माहिती धुंडाळायला गोफर तेव्हा चांगलंच लोकप्रिय होतं. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचं मूळ सॉफ्टवेअर सार्वजनिक मालकीत सोडत असल्याचं कागदावर लिहून दिलं. कुणीही घ्या, कशालाही वापरा, पैसे नकोत. गोफर मागे पडण्याची कारणं अनेक होती, पण 'उद्या आपल्याकडेही पैसे मागतील' ही धास्ती त्यातली मोठी होती.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर मी एकच प्रश्न विचारणार आहे: तुम्हाला कधीही न भेटलेला, तुम्हाला एक ओळही न लिहिणारा माणूस ही वस्तू वापरू शकेल का, दुरुस्त करू शकेल का, पुढे देऊ शकेल का? उत्तर 'आधी मला विचारावं लागेल' असं असेल, तर ती वस्तू अजून खुली झालेली नाही, मग ती कितीही लोकांना दिसत असो.

१. आधी नावांचा गुंता सोडवा

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला. त्यातून उभ्या राहिलेल्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीने सॉफ्टवेअर वापरणाऱ्याची चार स्वातंत्र्यं सांगितली: प्रोग्रॅम हव्या त्या कामासाठी चालवणं, तो कसा चालतो ते पाहून बदलणं, त्याच्या प्रती वाटणं आणि बदललेली आवृत्तीही वाटणं. (प्रोग्रॅमर मंडळी असल्यामुळे मोजणी शून्यापासून आहे. 'स्वातंत्र्य शून्य' असं वाचलंत तर दचकू नका.) 'ओपन सोर्स' हे नाव बरंच नंतरचं. फेब्रुवारी १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी ते सुचवलं आणि त्याच महिन्यात ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था उभी राहिली. लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या डेबियन प्रकल्पाच्या नियमावलीवरून तिने दहा कलमांची व्याख्या केली.

या दोन गटांत अजूनही वाद चालतो. पहिला म्हणतो हा न्यायाचा प्रश्न आहे, दुसरा म्हणतो अशाने सॉफ्टवेअर चांगलं बनतं. नव्या माणसाने त्यात अडकू नये. दोघांनी मान्य केलेले परवाने जवळपास तेच आहेत.

अडकायचं असेल तर दुसऱ्या एका गोष्टीत अडका: खरोखर खुलं काय आणि नुसती पाटी कुठे लावली आहे, हे ओळखण्यात. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिलेला मूळ मजकूर, दिसतो, पण खाली लिहिलंय 'व्यापारी वापर चालणार नाही' किंवा 'फक्त शिक्षणासाठी', तर ते ओपन सोर्स नाही, कारण व्याख्येनुसार कोणत्याही कामाला वा माणसाला वगळता येत नाही. उलट, पैसे घेऊन विकलेलं सॉफ्टवेअर ओपन सोर्स असू शकतं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांबाबत तर ही पाटी फार सढळ हाताने लावली जाते. मॉडेलचे वेट्स, म्हणजे शिकवणीतून तयार झालेले आकडे, उतरवून घेता येतात, पण ते कशावर शिकवलं त्याचा पत्ता नाही आणि परवान्यात वापरावर बंधनं, असा प्रकार नेहमीचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्हने यासाठी वेगळी व्याख्या प्रसिद्ध केली. तिच्यावरही सगळ्यांचं एकमत नाही, पण परवाना न वाचता 'ओपन' या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा ती बरी.

२. जिथून घेता तिथूनच सुरुवात करा

'मी कोणत्या प्रकल्पात योगदान देऊ?' हा प्रश्न नवी मंडळी अनोळखी लोकांना विचारत बसतात. उत्तर तुमच्याच संगणकावर आहे. रोज वापरता तो ब्राउझर, व्हिडिओ प्लेयर, फॉन्ट, आकडेमोडीची लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांत वापरायचा तयार कोड) यांत काहीतरी ओपन सोर्स असतंच, आणि त्यातलं काहीतरी तुम्हाला खुपतही असतं. जे खुपतं तिथे हात घाला. नुसतं नाव मोठं म्हणून निवडलेल्या प्रकल्पात उत्साह फार टिकत नाही.

निवडण्याआधी अर्धा तास नुसतं वाचा. शेवटचा बदल कधी झाला? लोकांनी नोंदवलेल्या अडचणींना (यांना इश्यू म्हणतात) कुणी उत्तर देतं का? मंजूर झालेल्या आणि नाकारलेल्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल मूळ प्रकल्पात घ्या' अशा विनंत्या, उघडून पाहा. नकार कोणत्या भाषेत दिलाय, यावरून तिथलं वातावरण जितकं कळतं तितकं आचारसंहितेच्या कागदावरून कळत नाही. प्रकल्पाची ओळख करून देणारी रीडमी आणि योगदानाचे नियम सांगणारी फाइल वाचा. बऱ्याच प्रकल्पांत नवख्यांसाठीची कामं 'गुड फर्स्ट इश्यू' अशी खूण करून ठेवलेली असतात, तीही चाळा.

आणखी एक गोष्ट पाहावी, जी सहसा कुणी सांगत नाही: योगदान देताना तुमच्याकडून काय लिहून घेतात? काही प्रकल्पांत प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी एक ओळ घालायची असते. 'हा कोड देण्याचा मला हक्क आहे' एवढीच ती ग्वाही. काही ठिकाणी मात्र कंपनीशी करार करावा लागतो, आणि तुमचा कोड पुढे दुसऱ्या परवान्याखाली देण्याची मुभा तिला त्यातून मिळू शकते. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या साधनासकट आपल्या उत्पादनांचा परवाना बदलला, आणि नव्या आवृत्त्या ओपन सोर्सच्या व्याख्येबाहेर गेल्या. जुना परवाना मात्र परत घेता येत नव्हता. त्या जुन्या कोडवरून लोकांनी वेगळा फाटा काढला, तो ओपनटोफू. आज तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. करार दिसला की पळून जा असं मी म्हणत नाही, पण सही करण्याआधी वाचा.

३. पहिली देणगी म्हणजे नीट लिहिलेली तक्रार

पहिलं योगदान कोडचंच हवं असा समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. नीट लिहिलेला बग रिपोर्ट हे मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, दृष्टीने कित्येकदा कोडपेक्षा मौल्यवान असतं, कारण चूक सापडणं हेच अर्धं काम असतं.

'सर्च चालत नाही, लवकर दुरुस्त करा' यातून कुणाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

'आवृत्ती अमुक, ऑपरेटिंग सिस्टिम अमुक. नवी रिकामी फाइल उघडली. त्यात "क्षमा" हा शब्द लिहिला. शोध-चौकटीत "क्ष" टाकून एंटर दाबलं. अपेक्षा: "क्ष" ठळक व्हावा. प्रत्यक्षात: फक्त "क्" ठळक होतो आणि कर्सर जोडाक्षराच्या मधोमध अडकतो. दर वेळी घडतं. आधीच्या आवृत्तीत घडत नव्हतं. सोबत फाइल जोडली आहे.'

आपण काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं आलं की पुरे. न भेटलेल्या माणसाला आपल्या खोलीत न येता तीच चूक पुन्हा घडवता आली पाहिजे. पाठवण्याआधी ती कुणी आधीच नोंदवली आहे का ते शोधा. असेल तर त्याच नोंदीत आपली जास्तीची माहिती घाला. 'मलाही हाच त्रास' एवढंच लिहू नका. चूक सुरक्षेशी संबंधित असेल, म्हणजे तिचा वापर करून कुणी दुसऱ्याच्या यंत्रात शिरू शकेल, तर ती चारचौघांत मांडू नका. बहुतेक प्रकल्पांत त्यासाठी खासगी पत्ता दिलेला असतो. आणि चॅटबॉटकडून लिहून घेतलेला रिपोर्ट स्वतः पडताळल्याशिवाय पाठवू नका. न घडणाऱ्या चुकांचे सुबक रिपोर्ट निस्तरण्यात आज मेंटेनरांचा बराच वेळ जातो.

दस्तऐवज सुधारणं हे दुसरं सोपं दार. प्रोग्रॅम बसवताना तुम्ही जिथे अडलात, ती जागा जुन्या जाणकारांना दिसत नाही, कारण ते तिथे कधीच अडत नाहीत. नवखेपणाचा एवढा एक फायदा आहे आणि तो फार दिवस टिकत नाही, तेव्हा अडलात त्याच दिवशी लिहून ठेवा. तिसरं दार भाषांतराचं. त्यात एक तांत्रिक पथ्य: वाक्याच्या मधोमध टक्क्याचं चिन्ह आणि अक्षर, किंवा महिरपी कंसातला शब्द दिसला तर त्याला हात लावू नका. तिथे प्रोग्रॅम ऐनवेळी आकडा वा नाव घालतो. जागा मात्र मराठी वाक्यरचनेप्रमाणे बदलावी.

४. बदल पाठवणं

बहुतेक प्रकल्प कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, लिहिलं. क्रम ठरलेला आहे. प्रकल्पाची आपल्या खात्यात प्रत घ्यायची, म्हणजे फोर्क. ती आपल्या संगणकावर उतरवायची, म्हणजे क्लोन. बदलासाठी वेगळी शाखा काढायची, बदल करायचा, चाचण्या चालवायच्या, कमिट करायचं, म्हणजे बदलाची नोंद करायची, ती आपल्या फोर्कवर चढवायची, म्हणजे पुश करायची, आणि मूळ प्रकल्पाकडे पुल रिक्वेस्ट पाठवायची. आज्ञा दोन दिवसांत हाताला बसतात. वेळ लागतो तो खालच्या गोष्टींना.

एका रिक्वेस्टमध्ये एकच बदल ठेवा. चूक दुरुस्त करता करता शेजारच्या ओळींची मोकळी जागाही 'नीटनेटकी' केलीत, तर तपासणाऱ्याला खरा बदल शोधत बसावं लागतं. कमिटच्या संदेशात काय बदललं त्यापेक्षा का बदललं ते लिहा, कारण काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. मोठं काम असेल तर आधी इश्यू उघडून विचारा. महिनाभर खपून केलेली सुविधा 'आम्हाला ही नकोच आहे' या एका वाक्याने परत येऊ शकते, आणि तसं म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

मग रिव्ह्यू, म्हणजे तपासणाऱ्याचे शेरे, येतो. तो कोरडा असतो. 'हे नाव बदला', 'इथे चाचणी हवी', बस. यात राग नसतो, समोरच्याकडे वेळ नसतो. पटलं तर बदला, नाही पटलं तर कारण देऊन सांगा. काही दिवस उत्तर आलं नाही तर एकदा सौम्यपणे आठवण करायला हरकत नाही. रोज मात्र नको.

५. स्वतःचं काही खुलं करताना

इथे आधी हक्क तपासा. नोकरीच्या वेळात किंवा संस्थेच्या यंत्रांवर लिहिलेला कोड तुमचा असेलच असं नाही. नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते पाहा, संस्थेला विचारा आणि होकार लेखी घ्या. दुसऱ्याचा कोड, फॉन्ट, चित्रं वापरली असतील तर त्यांचे परवाने तुमच्या परवान्याशी जुळतात का तेही बघा.

पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या शोधा. गिट सगळा इतिहास जपून ठेवतं. पुढच्या कमिटमध्ये पासवर्ड पुसला तरी मागच्या कमिटमध्ये तो शाबूत असतो. चुकून गेलाच तर आधी ती किल्ली रद्द करा, इतिहास साफ करणं नंतर. कारण असल्या किल्ल्या टिपत फिरणारे प्रोग्रॅम तुमच्यापेक्षा चपळ असतात.

आता परवाना. स्वतः लिहू नका, हा पहिला नियम. 'कुणीही वापरा, फक्त वाईट कामाला वापरू नका' हे वाक्य मनाला बरं वाटतं, पण वाईट कोणी ठरवायचं हे न सांगितल्यामुळे सावध संस्था असा कोड हातातच धरत नाहीत. तयार परवान्यांत दोन मोठे कल आहेत.

पहिल्या प्रकारात एमआयटी, बीएसडी आणि अपाचे येतात. माझं नाव आणि ही सूचना राहू द्या, बाकी काहीही करा, अगदी बंद उत्पादनातही घाला. अपाचे २.० मध्ये पेटंटबद्दलही स्पष्ट मुभा आहे, म्हणून कंपन्यांना तो आवडतो. दुसऱ्या प्रकारात जीपीएल. तो म्हणतो: घ्या, बदला, विका, पण बदललेली वस्तू दुसऱ्याला देताना तिचा सोर्सही याच अटींवर द्या. याला कॉपीलेफ्ट म्हणतात. गल्लत इथे होते की, फक्त आपल्याच कार्यालयात वापरलेला बदल जगाला दाखवण्याची सक्ती जीपीएल करत नाही. अट लागते ती वाटताना. सर्व्हरवर बसवून लोकांना नेटवरून सेवा दिली तर 'वाटणं' होत नाही, ही फट बुजवायला एजीपीएल आहे.

कोणता घ्यावा? छोटी लायब्ररी, जी सगळीकडे पोहोचावी असं वाटतं, तिला एमआयटी किंवा अपाचे. एखादं पूर्ण सॉफ्टवेअर, जे कुणी बंद डब्यात घालून लोकांनाच परत विकू नये असं वाटतं, त्याला जीपीएल वा एजीपीएल. माझा स्वतःचा कल दुसऱ्याकडे आहे, पण ज्या प्रकल्पांच्या शेजारी तुमचा कोड नांदणार आहे त्यांचा परवाना बघून ठरवणं हे माझ्या कलापेक्षा शहाणपणाचं.

लेख, चित्रं, धडे यांच्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. पहिला संच डिसेंबर २००२ मध्ये आला, सध्याची ४.० आवृत्ती २०१३ ची. बीवाय म्हणजे नाव द्या. बीवाय-एसए म्हणजे नाव द्या आणि बदललेलंही याच अटीवर वाटा. एनसी म्हणजे व्यापारी वापर नको, एनडी म्हणजे बदल नकोत. शेवटच्या दोन अटी लावल्या की वस्तू मोफत राहते, पण खुली राहत नाही. 'व्यापारी' कशाला म्हणायचं यावरही घोळ होतो: शुल्क घेणारी शाळा? जाहिराती असलेला लेखसंग्रह? भीतीपोटी एनसी लावणारे पुष्कळ असतात. लावण्याआधी नेमकी कोणाची भीती आहे ते ठरवा. हे परवाने सॉफ्टवेअरला वापरू नयेत, असं खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्सच सांगतं.

दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उद्यापासून तुम्ही वाटणं थांबवू शकता, पण ज्यांनी आधी घेतलं त्यांचा हक्क कायम राहतो. म्हणून या पायरीवर एक रात्र थांबायला हरकत नाही.

६. विज्ञानात वाटायचं तर

विज्ञानातली देवघेव सॉफ्टवेअरहून जुनी. पण आपला आकडा दुसऱ्याला तपासू देणं अजून सवयीचं झालेलं नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामोस इथे भौतिकशास्त्राचे लेख छापण्याआधीच वाटण्याची सोय सुरू केली, तीच पुढे अर्काइव्ह म्हणून ओळखली गेली. १९९६ मध्ये मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पातल्या लोकांनी बर्म्युडात ठरवलं की डीएनएच्या १,००० अक्षरांहून लांब जुळलेला क्रम शक्यतो २४ तासांत सार्वजनिक करायचा. शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबायचं नाही. ज्या क्षेत्रात एका क्रमासाठी पेटंटची शर्यत लागली होती, तिथला हा निर्णय आहे.

आकडे उघडे केल्याने काय होतं त्याचं ठळक उदाहरण अर्थशास्त्रातलं. कारमेन रेनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधात असं निघालं होतं की, सरकारी कर्ज देशाच्या एकूण उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या देशांत सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होते. खर्चकपातीच्या चर्चांत हा निबंध जगभर पुढे केला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला तो पडताळून पाहायचा होता, पण आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल शीट मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटले होते. शिवाय काही वर्षं वगळण्यावर आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीवर त्याने व त्याच्या मार्गदर्शकांनी आक्षेप घेतले. सगळं धरून त्यांचा आकडा आला २.२ टक्के. शीट पहिल्या दिवसापासून निबंधासोबत असती, तर ही पडताळणी तीन वर्षं आधी होऊ शकली असती.

तेव्हा डेटा देताना असं करा. आकडे साध्या मजकूर-फाइलीत, सीएसव्हीत द्या. स्प्रेडशीट आपली हुशारी दाखवतं आणि तुम्हाला कळतही नाही. 'मार्च१', 'सेप्ट२' अशा नावांच्या जनुकांच्या एक्सेल आपोआप तारखा करून टाकायचं. याचा इतका उपद्रव झाला की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअरपेक्षा विज्ञानाने वाकणं सोपं पडलं, यातला विनोद जरा कडू आहे.

प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक आणि न मिळालेल्या नोंदीची खूण एका वेगळ्या फाइलीत लिहा. रिकामा चौकोन म्हणजे शून्य की मोजलंच नाही, हे दोन वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही. आकड्यांवर चालवलेला कोड सोबत ठेवा आणि कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरली तेही लिहा. कच्चा डेटा जसाच्या तसा वेगळा ठेवा, साफसफाई कोडने करा, हाताने नको.

मग हे सगळं अशा जागी ठेवा जिथून ते हलणार नाही. संस्थेच्या सर्व्हरवरचे दुवे माणूस नोकरी सोडून गेला की तुटतात. सर्नने २०१३ पासून चालवलेलं झेनोडो फुकट आहे, कुठल्याही विषयाचं घेतं आणि प्रत्येक ठेवीला डीओआय हा कायमचा क्रमांक देतं, म्हणजे लोक तुमच्या डेटाचा निबंधासारखाच संदर्भ देऊ शकतात. नवी आवृत्ती टाकली की तिला नवा क्रमांक मिळतो आणि जुनी तशीच राहते. परवाना इथेही लागतो. नुसत्या आकडेवारीला बहुतेक जण क्रिएटिव्ह कॉमन्सचे सीसी झीरो (सगळे हक्क सोडून देणं) वा सीसी बीवाय लावतात.

निबंधाचं काय? छापणाऱ्या नियतकालिकाचा करार वाचा. अंतिम छापील पान वाटता येत नसलं, तरी स्वीकारलेल्या मसुद्याची प्रत भांडारात ठेवायला बरेच प्रकाशक परवानगी देतात, कधी काही महिन्यांनंतर. त्यासाठी लेखकाने पैसे भरावे लागत नाहीत. 'ओपन ॲक्सेस म्हणजे लेखकाने मोठी रक्कम मोजायची' असं समजून अनेक जण हा मार्ग बघतच नाहीत.

७. समाजाच्या कामात, आणि काय उघडू नये

कोड येत नाही, संशोधनही करत नाही, अशांसाठी विकिपीडिया आणि ओपनस्ट्रीटमॅप ही दोन मोठी मैदानं आहेत. विकिपीडियाचा एकच नियम आधी पाठ करा: तुम्हाला माहीत असणं पुरेसं नाही, ते विश्वासार्ह ठिकाणी छापलेलं असावं लागतं. नव्या लेखापेक्षा जुन्या लेखातल्या एका बिनसंदर्भाच्या वाक्याला संदर्भ जोडून सुरुवात करा. ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलं. तिथलं पथ्य असं की दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून बघून नावं उतरवायची नाहीत. स्वतः जाऊन पाहिलेलं चालतं, परवानगी असलेल्या उपग्रहचित्रावरून रेखाटलेलं चालतं. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्त-ओ-प्रिन्सचा तपशीलवार खुला नकाशा नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहचित्रांवरून रस्ते रेखाटले आणि मदतपथकांनी ते वापरले. तो नकाशा वापरायला त्यांना कुणाची परवानगी मागत बसावी लागली नाही.

मात्र सगळंच उघडायचं नसतं. २००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध प्रसिद्ध केले. नावांच्या जागी आकडे घातले होते. पण माणूस आपल्या गावाचं, नातेवाइकांचं, दुखण्याचं नाव शोधतो. त्या शोधांवरूनच पत्रकारांनी एका महिलेला शोधून काढलं. नाव पुसलं म्हणजे ओळख पुसली, असं होत नाही. वय, पिनकोड आणि एखादा दुर्मीळ आजार एकत्र आले की माणूस उघडा पडतो. लोकांबद्दलचा डेटा असेल तर त्यांनी नेमक्या कशाला संमती दिली होती ते पाहा. शंका असेल तर फक्त एकत्रित आकडे द्या.

हीच गोष्ट समूहांची. एखाद्या जमातीचं औषधी वनस्पतींचं ज्ञान 'खुलं' करायला निघालेला बाहेरचा माणूस कधी कधी जे त्याचं नाहीच ते वाटत असतो. मूळनिवासी समाजांच्या डेटासाठी २०१९ मध्ये केअर तत्त्वं मांडली गेली. समूहाचा लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नैतिकता हा त्यांचा गाभा आहे. माझी कसोटीही इथे उलटी लावावी लागते: न भेटलेला माणूस हे वापरेल तेव्हा त्याची किंमत कोण मोजणार?

८. लोक येऊ लागले की

प्रकल्प खुला केला की त्याचा सांभाळ मागे लागतो. एक्सझेड ही फाइली आवळण्याची लायब्ररी असंख्य लिनक्स यंत्रांत असते, आणि ती वर्षानुवर्षं जवळजवळ एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१ पासून एक नवा सहायक चांगले बदल पाठवू लागला. त्याच सुमारास काही खाती 'काम फार हळू चाललंय, दुसऱ्याला हक्क द्या' असा तगादा लावू लागली. हक्क दिले गेले. २०२४ च्या सुरुवातीला त्या सहायकाने आवृत्ती ५.६.० मध्ये चोरदरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं. तो खोलात गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने ते जगासमोर मांडलं. सोर्स खुला होता म्हणून तो मागोवा घेऊ शकला, हे खरं. एकट्या माणसावर सगळं सोडून बाकीचे निवांत होते, हेही तितकंच खरं.

यातून नव्या मेंटेनरसाठी थोड्या सूचना. पहिल्या दिवशीच रीडमीत लिहा की हे किती वेळ देऊन चालवलं जातं आणि उत्तराला किती दिवस लागू शकतात. 'नाही' म्हणायला शिका, सुविधा नाकारणं हा कामाचाच भाग आहे. गर्दी करून घाई करणाऱ्यांपुढे किल्ल्या देऊ नका. ज्याचं काम बराच काळ पाहिलं आहे त्याला आधी थोडे हक्क द्या, आणि कुणाचाही बदल, तुमचा स्वतःचाही, दुसऱ्याच्या नजरेखालून जाऊ द्या. तुम्ही मेंटेनर नसाल आणि एखाद्या छोट्या प्रकल्पावर तुमचं काम अवलंबून असेल, तर त्याला पैसे द्या, नाहीतर साचलेले इश्यू छाननीला घ्या.

आणि वेळ उरला नाही, रस उरला नाही, तर तसं जाहीर करा. चालवणारा शोधा. नाही मिळाला तर रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचं कोड-भांडार, 'आर्काइव्ह' करा, म्हणजे कोड वाचता आणि फोर्क करता येतो, पण नवे बदल स्वीकारले जात नाहीत. रीडमीच्या पहिल्या ओळीत तारीख आणि पर्यायी प्रकल्पाचा दुवा घाला. पॅकेजच्या नावाचे हक्क आणि डोमेनचं नूतनीकरण याचंही बघा, कारण सोडून दिलेलं डोमेन दुसरा कुणी विकत घेतो, आणि तुमच्यावर विसंबलेल्या माणसाच्या यंत्रात पुढचं अपडेट त्याच्याकडून जाऊ शकतं.